घरांत भट्टी हवी काय ?

नागपुरासारख्या उष्ण शहरांत राहणाऱ्या गृहस्थाच्या स्वयंपाकघरांत ओव्हन असणें अवश्य आहे किंवा कसें, हा प्रश्न वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत चर्चिला जाण्याच्या योग्यतेचा नाहीं हें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या घरांत तो एकदां शिरतो त्या घरांत तो चार-सहा महिने तरी ठाण मांडून बसतो. आमच्या घरीं तो गेल्या नाताळांत शिरला. आपल्या शाळेंत नववींत शिकणारी आमची कन्या शेजारच्या घरीं नाताळच्या फराळास गेली होती. तेथें तिनें काकूंच्या हातचा केक खाल्ला, तो कसा करतात हें विचारून घेतलें, आणि घरीं येऊन आपल्या आईस म्हणाली, "आई, आपण ओव्हन घेऊं या ना." घरांत त्या वेळीं दहा हजार रुपये बाजूस ठेवलेले होते, ही गोष्ट तिला पक्की ठाऊक होती.

ते दहा हजार कशाकरितां ठेवले होते तें आधीं सांगितलें पाहिजे. त्यापूर्वींच्या वैशाखांत सौ. पोळ्या लाटतां लाटतां एकाएकीं चक्कर येऊन शेगडीपुढें खालीं बसल्या. डॉक्टरांनीं मीठ-साखरेचें पाणी पाजविलें, दोन दिवस निजून राहण्यास सांगितलें आणि जातांना ओट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "औषध माझ्यापाशीं नाहीं, या खोलीपाशीं आहे." आमचें स्वयंपाकघर पश्चिमेच्या अंगास असून त्याच्यावर थेट गच्ची आहे. दिवसभर गच्चीनें घेतलेलें ऊन रात्रीं दहा वाजेपर्यंत खालीं उतरत असतें. त्याच भिंतीपलीकडे आमच्या मातोश्रींची खाट. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. या उकाड्याचा कांहीं तरी बंदोबस्त करावा म्हणून ती रक्कम आम्हीं राखून ठेविली होती. आणि त्याच रकमेकडे पाहून आमची कन्या त्या खोलींत आणखी एक आगटी आणूं म्हणत होती!

नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय, हें या अंकाच्या वाचकांस सांगणें नलगे. २३ मे २०१३ रोजीं येथें पारा ४७.९ अंश सेल्सियसपर्यंत चढला होता. २०२४ च्या मे महिन्यांत तर शहरांतील एका स्वयंचलित यंत्रानें ५६ अंशांचा आंकडा दाखविला व तो देशभर गाजला. पुढें यंत्रांतच दोष होता असा खुलासा हवामान खात्यानें केला. परंतु तो खुलासा येईपर्यंत नागपुरांत फारसें कोणी त्या आंकड्यावर अविश्वास दाखविला नाहीं, यांतच सर्व आलें.

आम्हांस वाटलें होतें, एवढें सांगितल्यावर वाद मिटेल. पण आपल्या शाळेंत विज्ञान चांगलें शिकवितात, त्याचें फळ आम्हांस भोगावें लागलें. कन्येनें वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून आणला. घरगुती ओव्हन दीड हजार वॅटचा; एका केकास पाऊण तास; म्हणजे वीज सव्वा युनिटाच्या आंत. उलट, गॅसची मोठी शेगडी तासाला सुमारें दोन युनिटांइतकी उष्णता बाहेर टाकते, आणि पोळ्या तर आपण दोन्ही वेळां करतों. "तेव्हां बाबा, केकापेक्षां पोळ्यांनींच घर जास्त तापतें. शिवाय ओव्हन आंत पुरेसा तापला कीं आपोआप बंद होतो, शेगडी होत नाहीं. गॅसवर पंखा लावतां येत नाहीं, ज्योत फडफडते. ओव्हन चालूं असतांना पंखा लावा, नाहीं तर खोलींतून खुशाल बाहेर जाऊन बसा." हिशेब बिनचूक होता. ओव्हनास नांवें ठेवणारे लोक तो जणूं यज्ञकुंड आहे अशा थाटानें बोलतात, तें खरें नव्हे.

यावर सौ. एवढेंच म्हणाल्या : "पोळ्या कांहीं चुकायच्या नाहींत. हा सव्वा युनिट त्यांच्यावर आणखी."

मग आम्हींहि पेन्सिल हातीं घेतली. एक युनिट वीज म्हणजे छत्तीस लाख जूल उष्णता. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व तितक्याच उंच खोलींतील हवेचें वजन सुमारें तेहतीस किलो भरतें. ती सर्व उष्णता केवळ त्या हवेंतच कोंडून राहिली असती, तर हवा शंभराहून अधिक अंशांनीं तापली असती. तसें होत नाहीं, कारण भिंती, भांडीं, ओटा आपापला वांटा उचलतात आणि कांहीं भाग खिडकीवाटे निघून जातो. डिसेंबरांत या भिंती हा भार सहज सोसतात. मे महिन्यांत त्या स्वतःच तापलेल्या असतात. त्या काय सोसणार? आतां कूलरची गोष्ट घ्या. एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें चोवीस लाख जूल उष्णता ओढली जाते. म्हणजे एका केकानें घरांत सोडलेली उष्णता परत घालविण्यास वाळ्याच्या ताट्यांतून दीड-पावणेदोन लिटर पाणी उडून जावें लागेल. आणि कूलर तर मातोश्रींच्या खोलींत. ओट्यापाशीं तो आणावा तर गॅस विझतो. हा हिशेब आम्हीं कन्येच्या हिशेबाशेजारींच लिहून ठेविला. दोन्ही खरे होते; ही मात्र पंचाईत होती.

थोडा विचार केल्यावर आमच्या ध्यानीं आलें तें असें कीं, ओव्हन हें मूळचें थंड देशाचें अपत्य आहे. ज्या मुलखांत वर्षांतील सहा-सात महिने घर उबदार राखण्यासाठींच विस्तव लागतो, तेथें भाकरी भाजून उरलेली ऊब वायां जात नाहीं. मुलें तिच्याभोंवतीं बसून अभ्यास करतात. आपल्याकडे तीच ऊब शत्रु ठरते. गंमत अशी कीं, त्या थंड देशांतहि प्रत्येक घरीं भट्टी असेच असें नाहीं. मध्ययुगांत फ्रान्समधील कित्येक खेड्यांत जमीनदाराची एकच भट्टी असे आणि गांवकरी आपापलें पीठ मळून तेथें भाजावयास नेत. इंग्रज लोक येथें आले तेव्हां त्यांनींहि आपले बंगले बांधतांना बावर्चीखाना मुख्य घरापासून वेगळा, अंगणापलीकडे ठेविला. विस्तव आणि धूर यांचें बिऱ्हाड निराळें असावें, एवढें शहाणपण साहेबाला आपल्या उन्हानें शिकविलें ! गोव्यांत पाव पोर्तुगीजांबरोबर आला, त्याचें नांवहि त्यांच्याच भाषेंतील. पण तो भाजण्याचें काम गांवच्या पोदेराकडे राहिलें, घरोघर गेलें नाहीं. घरीं करावयाचें तें बेबिंक; त्याचा एक एक थर झांकणावर निखारे ठेवून भाजीत. मुंबईच्या पाठारे प्रभु मंडळींचें भानोलेंहि असेंच खालीं-वर विस्तव देऊन होत असे. म्हणजे भाजण्याची विद्या आपल्याला परकी मुळींच नाहीं.

आणि विदर्भांत तर ती शेताच्या बांधावर उघडी ठेवलेली आहे. रोडगे ज्यानें खाल्ले नाहींत त्यानें वऱ्हाड-नागपूर पाहिलें असें आम्ही म्हणणार नाहीं. जाडसर दळलेली कणीक, तीत तेलाचें मोहन, पुऱ्यांसारख्या चकत्या एकावर एक गुंडाळून केलेला घट्ट गोळा. तिकडे झाडाखालीं गोवऱ्या पेटवून त्यांचा लालभडक विस्तव होऊं द्यावयाचा, त्यांत गोळे पुरावयाचे, वर पुन्हां राखेचें पांघरूण. तास-दीड तासानें कोणी तरी अनुभवी मनुष्य काठीनें एक गोळा बाहेर ओढतो, फडक्यांत धरून राख झटकतो, हातानें दाबून फोडतो; आंतून वाफ आली कीं झाले. मग तूप, वरण आणि वांग्यांची झणझणीत भाजी. पळसाच्या पानांत गुंडाळून भाजले कीं त्यांस पानगे म्हणावयाचें. ही भट्टी कशाची, तर केवळ राखेची. तिला भिंत नाहीं, छप्पर नाहीं, विजेचें बिल नाहीं. ती पेटवितात तीहि बाहेर, झाडाच्या सावलींत, आणि पुष्कळ करून थंडींत. चैत्रांत हनुमान जयंतीस पंगती उठतात, पण तेव्हांहि कोणी गोवऱ्या माजघरांत पेटवीत नाहीं. नागपुरांत मडकें उलथें घालून त्याच्यावर लांब रोटी भाजणाऱ्या बाया पाहा; त्यांची चूलहि बहुतेक उघड्यावरच असते.

दुसरी भट्टी गल्लींतली. तिचें नांव काढतांच मातोश्रींनीं त्या संध्याकाळीं माळ खालीं ठेविली. लग्न होऊन त्या नागपुरांत आल्या त्या काळीं दिवाळीच्या आधीं नानकटाई घरीं भाजीत नसत. मैदा, रवा, तूप, पिठीसाखर असें सर्व डब्यांत मोजून घेऊन बायका बेकरींत जात. तेथें परातींत तूप-साखर फेंसून गोळे करीत आणि पत्र्याच्या थाळ्यांत मांडून, थाळीस नांवाची चिठ्ठी लावून, भट्टीवाल्याच्या स्वाधीन करीत. "तुझ्या आत्याची चिठ्ठी एकदां उडाली," मातोश्री म्हणाल्या, "आणि आपली थाळी गेली दुसऱ्याच्या घरीं. त्यांची आली आपल्याकडे. खाऊन पाहिली तर त्यांची सरस ! मग कोणीच बोललें नाहीं." शेजारच्या काकू तर आजहि नाताळचा केक घरीं कालवितात आणि डबे त्याच बेकरींत नेऊन देतात. त्यांच्या मुलानें त्यांना ओव्हन घेऊन दिलेला आहे; तो माळ्यावर आहे. त्यांत एका वेळीं एकच डबा मावतो, आणि काकूंचे डबे असतात अकरा.

ही बेकरी आम्हीं मुद्दाम जाऊन पाहिली. विटांचा जाड घुमट. आंत कित्येक तास लांकडें जळतात, मग विस्तव झाडून काढतात आणि विटांनीं पिऊन घेतलेली उष्णता त्या हळूहळू परत देतात. पहिल्या कडक आंचेंत पाव; आंच उतरली कीं बिस्किटें आणि नानकटाई; अगदीं शेवटच्या मंद उबेंत टोस्ट वाळतात. एकदां पेटविलेल्या विस्तवाचा कण न् कण कामीं लावणारी ही व्यवस्था पाहून आम्हांस कौतुक वाटलें. शंभर घरांनीं शंभर पेट्या तापविण्याऐवजीं एका विस्तवावर शंभर घरांचें काम होतें. आणि शंभर स्वयंपाकघरें थंड राहतात.

पण तेथें जो मनुष्य लांब दांड्याचें फळें घेऊन भट्टीच्या तोंडाशीं उभा होता, त्यास आम्हीं विचारलें, "मे महिन्यांत कसें करतां ?" तो म्हणाला, "रात्रीं करतों, साहेब. आणि पाणी पितों." तेव्हांपासून वरील कौतुक आम्हांस निर्वेधपणें करतां येत नाहीं. उष्णता नाहींशी होत नसते. आपल्या घरच्या माणसाच्या अंगावरून ती दुसऱ्या घरच्या माणसाच्या अंगावर जाते, एवढेंच. फरक इतकाच कीं त्याला त्याचें वेतन मिळतें आणि त्याच्या कामाची वेळ ठरलेली असते. घरांतील बाईला यांपैकीं एकहि गोष्ट मिळत नाहीं. शिवाय लांकडांच्या भट्ट्यांचेहि दिवस आतां भरत आले आहेत. मुंबईंत २०२५ च्या आरंभीं उच्च न्यायालयानें लांकूड-कोळशाच्या भट्ट्या स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. ती लाट येथें कधीं तरी येईलच. धूर जाईल तें बरेंच होईल. विटांचा घुमटहि त्याबरोबर जाऊं नये, एवढी आमची इच्छा आहे.

येथें कन्येच्या बाजूनेंहि एक गोष्ट नमूद केली पाहिजे. तिला केवळ केक खावयाचा नव्हता. तो विकत मिळतो. तिला तो करावयास शिकावयाचें होतें, आणि काकू शिकवावयास तयार होत्या. काकूंची साठी उलटून गेली आहे, आणि त्यांच्या हातची कृति त्यांच्या घरांत उचलणारें कोणी जवळ नाहीं. मुलें दूरदेशीं आहेत. शेजारच्या घरची एक मुलगी मन लावून ती विद्या घेऊं म्हणते, आणि आम्ही जूल मोजीत बसावें, हेंहि बरें दिसत नव्हतें.

मध्यंतरीं, वैशाखाच्या तोंडीं, तिनें काकूंच्या देखरेखीखालीं नानकटाईचें पीठ घरीं करून पाहिलें. नानकटाईला तूप थिजलेलें, रवाळ असावें लागतें. तें फेंसून त्यांत हवा कोंडली कीं ती खुसखुशीत होते. वैशाखांत आमच्या फळीवरील तूप पाण्यासारखें वाहत होतें. तें शीतकपाटांत घट्ट करावें, तर परातींत घेतां घेतां पुन्हां पातळ. लोणी तर तिशी-पस्तिशीच्या मधल्या उष्णतेलाच वितळूं लागतें, आणि आमच्या स्वयंपाकघरांत त्या वेळीं त्याहून पुष्कळ अधिक. पावाच्या पिठाची तीच कथा : थंडींत जें फुगावयास दोन तास घेतें, तें येथें तासाभरांत फसफसून आंबूस होतें. काकू हंसून म्हणाल्या, "म्हणून तर बाळ, आपला केक डिसेंबरांत." आम्हांस हें वाक्य फार महत्त्वाचें वाटलें. वैशाखांत ओव्हन चालविण्यास केवळ आमच्या घरचीं माणसेंच नाराज नव्हतीं. तूप, लोणी आणि पीठ हींहि नाराज होतीं.

तरीहि हार न खातां तिनें आमच्या एका स्नेह्यांकडून सूर्यचूल मागून आणली. पत्र्याची चौकोनी पेटी, आंतून काळी. वर दोन कांचा. झांकणाच्या आंतल्या बाजूस आरसा. द सोस्यूर नांवाच्या स्विस शास्त्रज्ञानें अशाच कांचांच्या पेटींत ऊन कोंडून पाणी उकळण्याहूनहि अधिक उष्णता मिळविली होती. ऊन कांचेंतून आंत जातें, काळ्या पत्र्यावर तापतें, आणि तापलेल्या पत्र्याची उष्णता कांचेंतून सहजासहजीं बाहेर पडत नाहीं, तत्त्व एवढेंच. आपल्याकडील बायकांनीं ही शक्ति फार पूर्वींच ओळखली आहे. पापड, कुरडया, सांडगे, शेवया यांचा सारा कारभार गच्चीवरच्या उन्हावर चालतो. सकाळीं दहा वाजतां ठेवलेला केकाचा डबा साडेबाराला बाहेर काढला. केक फुगला होता, आंतून शिजला होता, गोडहि होता. मात्र भाजल्याचा तांबूस रंग येण्यास जी सुमारें दीडशें अंशांची धग लागते, ती त्या पेटींत नसल्यामुळें तो अगदीं फिकट राहिला. मातोश्रींनीं तुकडा तोंडांत घालून विचारलें, "हा केक म्हणावा कीं ढोकळा ?" असें असलें तरी घरांत एक कणभर उष्णता न वाढतां भर उन्हाळ्यांत झालेलें तें एकमेव भाजकाम होतें, आणि डब्यांत संध्याकाळीं कांहीं उरलें नाहीं.

(सूक्ष्मलहरींच्या पेटीचा, म्हणजे मायक्रोवेव्हचा, कैवार आमच्या एका आप्तांनीं घेतला होता. साधी मायक्रोवेव्ह पेटी अन्न ऊन करते, भाजत नाहीं. म्हणून तिचा विचार आम्हीं केला नाहीं.)

पैशांचा निकाल मात्र आम्हीं उन्हाळ्याची वाट न पाहतां फाल्गुनांतच लावला होता. स्वयंपाकघराच्या वरच्या अंगास भिंत फोडून हवा बाहेर फेंकणारा पंखा बसविला आणि गच्चीस ऊन परतविणारा पांढरा रंग दिला. त्यांत नऊ हजारांच्या वर रक्कम गेली. कन्या दोन दिवस बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं रंगाचा ब्रश घेऊन आपण होऊन गच्चीवर गेली. पूर्वीं वैशाखांत दुपारीं पापड उचलावयास गेलें कीं पायांत वहाणा असल्या तरी पाय भाजत. यंदां मातोश्री अनवाणी जाऊन आल्या, आणि त्यांनीं तें सर्व गल्लीस सांगितलें. सौ. ना चक्कर आली नाहीं. पोळ्या मात्र त्यांनीं सकाळीं साडेसहाच्या आंत उरकण्याचा नेम केला, आणि रात्रीं भात-पिठल्यावर भागवावयाचें असें आम्हां सर्वांस कळविण्यांत आलें.

मग उन्हाळा सरल्यावर, पाऊस पडूं लागला तेव्हां, ओव्हनचा प्रश्न पुन्हां काढण्यांत आला, आणि या खेपेस तो सौ. नींच काढला. नागपुरांत थंडीहि पडते. २०१८ च्या डिसेंबरांत पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. त्या दिवसांत मातोश्रींच्या खोलीजवळ थोडी ऊब असली तर ती उपद्रव न ठरतां उपकारच ठरेल. तेव्हां असें ठरलें : ओव्हन विकत घ्यावयाचा नाहीं. काकूंचा माळ्यावरचा ओव्हन त्यांनीं आपण होऊन देऊं केला आहे, तो आणावयाचा. तो स्वयंपाकघरांत ठेवावयाचा नाहीं. मागच्या पडवींत, मातोश्रींच्या खिडकीखालीं ठेवावयाचा. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत तो खालीं राहील, पुढें वर माळ्यावर जाईल. होळीनंतर कोणासहि भाजणें सुचलें तर सूर्यचूल आहे. नाताळचे अकरा डबे पूर्वींप्रमाणेंच बेकरींत जातील आणि यंदां ते उचलून नेण्याचें काम कन्येकडे आहे. दिवाळीच्या नानकटाईच्या दोन थाळ्याहि तेथेंच. चिठ्ठ्या शाईनें लिहून डिंकानें चिकटवाव्या, अशी मातोश्रींची सूचना आहे.

एका मुद्द्यावर एकमत झालेलें नाहीं. कन्येच्या मनांत त्या ओव्हनांत रोडगे भाजून पाहावयाचे आहेत. मातोश्री म्हणतात, "आणि गोवरीचा वास कोठून आणशील, पोरी ?" कन्येनें अद्याप उत्तर दिलेलें नाहीं, पण ती वहीच्या मागच्या पानावर कांहीं लिहीत असते.

पडवींत दीड हजार वॅटचें यंत्र चालावयाचें तर साधा सहा अँपियरचा प्लग पुरत नाहीं, सोळाचा लागतो, आणि त्यासाठीं जाड तार आंतून न्यावी लागते. वायरमननें येत्या मंगळवारचा वायदा केला आहे. म्हणजे शनिवारपर्यंत तो येईल असें आम्ही धरून चाललों आहों.